मेंढा (लेखा) नापास का होते? मजकुराच्या रकान्यांसाठी स्वतःची ॲनोटेशन्स

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक म्हणून २००९ पासून त्याचे नाव सगळीकडे घेतले जाते. आता नावाच्या रकान्यासाठी सर्रास वापरला जाणारा पॅटर्न घ्या, म्हणजे ‘फक्त अक्षरे आणि मोकळी जागा’, आणि त्यात हे नाव टाकून बघा. कंस दिसताच पॅटर्न नकार देतो. कंस काढले तरी नकारच येतो, कारण ‘मेंढा’मधली मात्रा, अनुस्वार आणि काना ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरे नाहीत, चिन्हे आहेत.

गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून किंवा चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून जावा शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हाती पहिल्या वर्षा-दोन वर्षांत असेच एखादे काम येण्याचा संभव मोठा आहे: ग्रामसभेची सभासद नोंदवही, तेंदूच्या हंगामातली मजुरी, वनहक्क दाव्यांची यादी. पुस्तकातली उदाहरणे ‘कस्टमर’ आणि ‘एम्प्लॉयी’ची असतात. इथले रकाने वेगळे. म्हणून हा लेख एकच नमुना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो: वनहक्क दाव्याचा नमुना ‘अ’, म्हणजे वैयक्तिक दाव्याचा अर्ज. दावेदाराचे नाव, पती किंवा पत्नीचे नाव, वडील किंवा आईचे नाव, गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा. जवळजवळ सगळा मजकूरच.

आधी यंत्रणा. जावात ॲनोटेशन्स आली २००४ साली, पाचव्या आवृत्तीत. त्यांच्या आधाराने तपासणीचे प्रमाण ठरले २००९ मध्ये, ‘बीन व्हॅलिडेशन’ या नावाने. पुढे ते जकार्ता प्रकल्पात गेले आणि २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पॅकेजचे नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागले. जुन्या ट्युटोरिअलमधली इम्पोर्टची ओळ जशीच्या तशी चिकटवली की प्रोग्राम कंपाइल होत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुनी लायब्ररी सोबत असल्यामुळे कंपाइल होतो पण तपासणी चालतच नाही. त्यामुळे आधी इम्पोर्ट बघा. प्रत्यक्ष तपासण्याचे काम बहुतेक ठिकाणी हायबरनेट व्हॅलिडेटर करतो.

तयार ॲनोटेशन्स तुम्हाला ठाऊक असतील: नॉटब्लँक, साइझ, पॅटर्न. मग स्वतःचे कशाला? कारण गावाचे नाव एका अर्जात येत नाही. ते दाव्यात येते, सभासद नोंदवहीत येते, मजुरीच्या पावतीत येते, बँकेला पाठवायच्या यादीत येते. चार क्लासमध्ये चार पॅटर्न लिहिले की सहा महिन्यांत त्यांतले दोन बदललेले असतात आणि दोन तसेच राहिलेले असतात. नियमाला नाव द्या, नियम एका जागी ठेवा, आणि रकान्यावर फक्त ते नाव लिहा. रकान्यावर मग एवढेच दिसेल:

@नॉटब्लँक
@गावाचेनाव
प्रायव्हेट स्ट्रिंग गाव;

(कीवर्ड आणि तयार ॲनोटेशनची नावे अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. पण ‘गावाचेनाव’ हे नाव देवनागरीत ठेवले तरी जावाचा कंपायलर हरकत घेत नाही. माझ्या मते मात्र तसे ठेवू नका. तुमच्यानंतर येणाऱ्याच्या कीबोर्डचा भरवसा नसतो.)

ॲनोटेशनची व्याख्या करताना त्यात तीन घटक असावेच लागतात: मेसेज, ग्रुप्स आणि पेलोड. शेवटचे दोन तुम्ही कधी वापरणार नाही, पण ते नसले तर चालू होतानाच चूक दाखवली जाते. सोबत ‘टार्गेट’ सांगायचे, म्हणजे हे रकान्यावर लावायचे, मेथडच्या पॅरामीटरवर की पूर्ण क्लासवर. आणि ‘रिटेन्शन’ रनटाइम ठेवायचे. हे विसरलात तर जावा ॲनोटेशन क्लास फाइलपुरतेच ठेवतो, प्रोग्राम चालताना ते कोणाला दिसत नाही आणि कुठलीही चूक न दाखवता सगळा कचरा आत येतो. मग ‘कॉन्स्ट्रेंट’ या ॲनोटेशनने सांगायचे की हा नियम तपासणारा क्लास कोणता. त्या क्लासने ‘कॉन्स्ट्रेंटव्हॅलिडेटर’ हा इंटरफेस घ्यायचा आणि त्यातल्या ‘इजव्हॅलिड’ मेथडने खरे किंवा खोटे परत द्यायचे.

इथे नवशिक्याचा एक गैरसमज काढून टाकू. ॲनोटेशन स्वतः काही तपासत नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर ‘वनोपज तपासणी’ अशी पाटी लावल्याने गाडी थांबत नाही, ती नाक्यावरचा वनरक्षक थांबवतो. स्प्रिंगमध्ये कंट्रोलरच्या पॅरामीटरवर ‘व्हॅलिड’ लिहायचे राहिले की नाक्यावर कोणी नाही. एक्सेलमधून यादी आयात करणारा कोड तर कंट्रोलरमधून जातच नाही. तिथे व्हॅलिडेटर तुम्हीच हाताने बोलवायचा. जुनी माहिती भरताना हे हमखास राहून जाते, आणि सर्वांत जास्त घाण त्याच वाटेने येते. कोटलिनमध्ये लिहीत असाल तर ॲनोटेशनच्या आधी ‘फील्ड’ असे सांगा, नाहीतर ते कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरला चिकटते आणि रकाना मोकळा राहतो. सी-शार्पमध्ये हेच काम ‘व्हॅलिडेशनॲट्रिब्यूट’पासून क्लास काढून होते, विचार तोच.

इजव्हॅलिडची पहिली ओळ नेहमी एकच ठेवा: किंमत नल असेल तर खरे परत द्या. ‘रकाना भरलाच पाहिजे’ हा वेगळा नियम आहे आणि त्यासाठी नॉटब्लँक आहे. दोन्ही नियम एकात घातले की ऐच्छिक रकान्याला तुमचे ॲनोटेशन लावता येत नाही. अविवाहित दावेदाराच्या अर्जात पती-पत्नीचा रकाना रिकामाच असणार. तिथे नावाचा नियम असावा, पण सक्ती नसावी.

आता नियम. ‘फक्त अक्षरे’ हा पॅटर्न मराठीला का चालत नाही ते वर आलेच. त्यावर काही जण ‘अल्फाबेटिक’ हा युनिकोडचा गुणधर्म वापरतात, आणि त्याची गंमत अशी की ‘मेंढा’ पास होते पण ‘चंद्रपूर’ नापास! काना, मात्रा, अनुस्वार यांना युनिकोड अल्फाबेटिक मानते. ‘द्र’मधल्या पायमोडीला, म्हणजे हलन्ताच्या चिन्हाला, मानत नाही. चाचणी करणाऱ्याने ‘आरमोरी’, ‘कोरची’, ‘राजुरा’, ‘वरोरा’ टाकून पाहिले तर सगळे हिरवे दिसते. जोडाक्षराचे पहिले गाव येईपर्यंत पत्ता लागत नाही.

म्हणून नियम असा लिहा: पहिले चिन्ह देवनागरी आणि युनिकोडच्या ‘एल’ वर्गातले, म्हणजे खरे अक्षर असावे, कारण शब्दाची सुरुवात कान्याने होत नाही. त्यानंतर देवनागरीतलाच ‘एल’ वर्ग, ‘एम’ वर्ग म्हणजे मात्रा-अनुस्वार-हलन्त, अंक, मोकळी जागा, टिंब, जोडरेघ आणि कंस. अंक का? एकाच नावाची दोन गावे वेगळी ओळखू यावीत म्हणून नावापुढे आकडा लावतात. टिंब का? ‘बु.’ आणि ‘खु.’ महाराष्ट्रभर आहेत. चंद्रपूरच्या महसुली यादीत ‘चक’, ‘माल’, ‘तुकूम’, ‘रिठ’ लागलेली नावे भेटतील, आणि गडचिरोलीत देसाईगंज (वडसा) हा तालुकाच कंसासकट लिहिला जातो. उघडलेला कंस बंद झाला आहे का, हे मात्र पॅटर्नमध्ये कोंबू नका. व्हॅलिडेटर हा साधा जावा क्लास आहे, चार ओळींचा लूप लिहा. पॅटर्नमध्ये ‘एक किंवा अधिक’च्या आत पुन्हा ‘एक किंवा अधिक’ आले तर एखाद्या लांब चुकीच्या मजकुरावर सर्व्हर मिनिटेच्या मिनिटे अडकू शकतो.

लांबीचा घोळ याहून जास्त फसवा. ‘ब्रह्मपुरी’ हाताने लिहिले तर चार अक्षरे: ब्र, ह्म, पु, री. जावाची ‘लेंग्थ’ म्हणते १०. साइझ हे ॲनोटेशन हीच मोजणी वापरते. रोमन लिपीचा अंदाज धरून ‘पूर्ण नाव ३० पर्यंत’ अशी मर्यादा ठेवली की तीन शब्दांचे मराठी नाव नापास होऊ शकते. शिवाय तेच नाव यूटीएफ-८ मध्ये साठवताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ब्रह्मपुरीला ३० बाइट. ओरॅकलमध्ये स्तंभाची लांबी मुळात बाइटमध्ये धरली जाते, तेव्हा व्हॅलिडेटरने पास केलेले नाव डेटाबेस परत पाठवतो आणि चूक भलत्याच थरावर दिसते. कमाल मर्यादा सैल ठेवा आणि स्तंभाशी जुळवा. किमान मर्यादेच्या नादाला लागू नका. चंद्रपूर जिल्ह्यात ‘मूल’ नावाचा तालुका आहे, आणि जावाच्या मोजणीत तो तीनवर थांबतो.

तपासणीच्या आधी सफाई. व्हॅलिडेटर किंमत बदलत नाही आणि बदलूही नये, त्यामुळे सफाई सेटरमध्ये किंवा जेसन वाचतानाच व्हायला हवी. टोकाच्या मोकळ्या जागा काढा. पण ‘ट्रिम’ आणि ‘स्ट्रिप’ दोन्ही वर्डमधून येणारी न तुटणारी मोकळी जागा तशीच ठेवतात, ती वेगळी बदलावी लागते. मग नॉर्मलायझरने एनएफसी रूप करून घ्या. तेवढ्याने सगळे भागत नाही. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्याला सारखे, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही, त्यामुळे एनएफसीने ते एक होत नाहीत. तो बदल हाताने लिहा.

‘शेतकऱ्याचे’मधला ऱ्य हा असाच. काही कीबोर्ड तो ‘ऱ’ वापरून लिहितात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घालतात. आता एखादा हुशार प्रोग्रामर ‘न दिसणारी चिन्हे काढून टाका’ असा नियम करतो, जोडक गळतो आणि शेतकऱ्याच्या नोंदीत रफार उमटतो. क्रम असा ठेवा: आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ही जोडी घाला, आणि मगच उरलेले जोडक काढा. हे चारपाच बदल एका छोट्या क्लासमध्ये असू द्या. शोध घेतानाही तोच क्लास वापरायचा आहे, नाहीतर साठवलेले नाव शोधून सापडणार नाही.

कृतिदेवचे प्रकरण या दोन जिल्ह्यांत काम करणाऱ्याला चुकत नाही. कार्यालयांत वर्षानुवर्षे याद्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या. पडद्यावर ते मराठी दिसते, पण फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक ती यादी कॉपी करून तुमच्या अर्जात चिकटवतो आणि तिथे अगम्य अक्षरांची रांग उमटते. तुमचे ‘गावाचेनाव’ ते नाकारते, ठीकच. पण ‘अवैध माहिती’ एवढेच सांगितले तर त्याने करायचे काय? त्याने तर योग्य यादीच चिकटवली होती.

इथे स्वतःच्या ॲनोटेशनचा खरा उपयोग दिसतो. इजव्हॅलिडला मिळणाऱ्या कॉन्टेक्स्टमधून ठरीव संदेश बंद करता येतो आणि प्रसंगाप्रमाणे वेगळा देता येतो. देवनागरीच्या रकान्यात एकही देवनागरी चिन्ह नाही आणि रोमन अक्षरांत मध्येच विरामचिन्हे पेरलेली आहेत, असे दिसले की संदेश द्या: ‘हा मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला दिसतो. युनिकोडमध्ये बदलून पुन्हा टाका.’ कंस बंद नसेल तर: ‘गावाच्या नावातला कंस बंद करायचा राहिला आहे.’ संदेश मराठीच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवा. जावा ९ पासून ती फाइल सरळ यूटीएफ-८ मध्ये लिहिता येते, पूर्वीसारखे देवनागरीचे सांकेतिक आकडे करावे लागत नाहीत. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: वापरणाऱ्याने टाकलेला मजकूर संदेशाच्या साच्यात जोडू नका. साच्यातल्या महिरपी कंसांतला मजकूर यंत्रणा सूत्र म्हणून चालवू शकते, आणि तो दरवाजा बाहेरच्याला उघडा पडतो.

सगळ्या चुका एकदम दाखवा. व्हॅलिडेटर तुम्हाला उल्लंघनांचा पूर्ण संच देतो. त्यातले पहिले उचलून बाकीचे टाकण्याची सवय पुण्यातल्या कार्यालयात चालून जाते. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्याच्या आतल्या गावात नेटवर्क सापडेपर्यंत टेकडी चढावी लागत असेल, तर एका अर्जासाठी पाच वेळा ‘पाठवा’ दाबायला लावणे हा नुसता छळ आहे.

गाव मुळात टाइप का करायचे, यादीतून का निवडू नये? निवडावेच. जनगणनेचा ग्रामसंकेतांक आहे, पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा संकेतांक आहे. तालुका आणि जिल्हा तर यादीतूनच यावेत, गडचिरोलीचे १२ आणि चंद्रपूरचे १५ तालुके टाइप करायला लावण्यात काही अर्थ नाही. पण वनहक्क कायद्याच्या व्याख्येत वनगावे आणि सर्वेक्षण न झालेल्या वस्त्याही गावात मोडतात, आणि अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याखाली एखादा टोला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. अशी वस्ती तुमच्या यादीत नसेल. ‘यादीत नाही’ हा पर्याय आणि त्याच्यासोबत मोकळा रकाना ठेवावाच लागतो, आणि त्या रकान्यासाठीच ही सारी खटपट.

आता जमिनीचा तपशील. दाव्यातली जमीन जंगलाच्या कक्ष क्रमांकाने किंवा गट क्रमांकाने सांगितली जाते: ‘४०८’, ‘४०८ अ’, ‘४५/१’, ‘४५/१अ’. हा दिसतो आकडा, पण मजकूरच आहे. इंटिजर करायला जाऊ नका. वेगळे ‘कक्षक्रमांक’ ॲनोटेशन करा. मराठी अंक आणि इंग्रजी अंक दोन्ही येतील. जावाच्या पॅटर्नमधले अंकाचे चिन्ह मुळात फक्त इंग्रजी अंक ओळखते, तर ‘पार्सइंट’ मराठी अंकही निमूट वाचते. म्हणजे एका जागी ‘४०८’ नापास आणि दुसऱ्या जागी पास. सफाईतच सगळे अंक एका रूपात आणा. आणि एक्सेल! ‘१२/५’ हा गट क्रमांक इंग्रजी अंकांत टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. आयातीच्या वेळी गट क्रमांकात महिन्याचे नाव दिसले किंवा चाळीस हजारांच्या पुढचा पाच आकडी पूर्णांक आला, तर तो मुकाट स्वीकारू नका. ‘मूळ नोंद पाहून गट क्रमांक पुन्हा भरा, स्तंभ टेक्स्ट ठेवा’ असा संदेश द्या. वनहक्काच्या नोंदीत तारीख झालेला गट क्रमांक पुढे नकाशाशी जुळत नाही, आणि हेलपाटे दावेदाराला पडतात.

एका रकान्यात न मावणारे नियमही आहेत. कायद्यानुसार विवाहित दावेदाराचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवला जातो. म्हणजे ‘विवाहित’ला हो असेल तर जोडीदाराचे नाव रिकामे चालणार नाही. दावेदार अनुसूचित जमातीचा नसून इतर पारंपरिक वननिवासी असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. तेव्हा त्या वास्तव्याच्या पुराव्याचा रकाना सक्तीचा होतो. असे ॲनोटेशन क्लासवर लावा. इजव्हॅलिडला मग पूर्ण दावा हाती मिळतो. फक्त उल्लंघन नोंदवताना प्रॉपर्टी नोड देऊन ते नेमक्या रकान्याला जोडा. नाहीतर चूक अर्जाच्या डोक्यावर उमटते आणि भरणारा खाली शोधत बसतो. इथे एक मर्यादाही पाळा. पुरावा ग्राह्य आहे की नाही हे वनहक्क समिती पाहील, ग्रामसभा ठरवील. पुराव्याच्या रकान्यात ‘किमान ५० अक्षरे’ असले नियम घालून तो निर्णय जावाने घेऊ नये.

माणसांच्या नावांबाबत तर हात आणखी आखडता ठेवा. मडावी, आत्राम, उसेंडी, पुंगाटी ही आडनावे तुमच्या नमुना यादीत नसतील. एखाद्या आजीच्या कागदावर आडनावच नसेल. आधार क्रमांकासारख्या रकान्याला कडक नियम शोभतो: १२ अंक, पहिला ० किंवा १ नाही, शेवटचा व्हेरहॉफ पद्धतीचा तपासणी अंक. हा हिशेब पॅटर्नने होत नाही, व्हॅलिडेटरच लिहावा लागतो. मात्र नाकारलेला क्रमांक संदेशात किंवा लॉगमध्ये उमटू देऊ नका. ‘व्हॅलिडेटेड व्हॅल्यू’ दाखवणारा साचा या रकान्यापुरता काढून टाका.

व्हॅलिडेटरचा एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेड वापरतात, म्हणून त्यात एका अर्जाची कुठलीही खूण साठवू नका. पॅटर्न एकदाच कंपाइल करून ठेवा. चाचणीची यादी घरी बसून रचू नका. तहसीलच्या ग्रामयादीची एक प्रत आणा आणि दोन्ही जिल्ह्यांतली सगळी नावे ‘गावाचेनाव’मधून चालवा. सिरोंचा तालुक्यातले असरअल्ली, कोरचीतले कोटगुल, भामरागडचे हेमलकसा, देसाईगंज (वडसा), मेंढा (लेखा). यातले एकही नाव अडले तर यादी बरोबर धरा आणि पॅटर्न उघडा. मग उलट बाजूने नुसती टिंबे, नुसता काना, उघडा कंस, कृतिदेवची ओळ आणि तीनशे अक्षरांचा परिच्छेद टाका. ही सारी अडलीच पाहिजेत, आणि प्रत्येकीचा संदेश वेगळा आला पाहिजे.